उंबऱ्यावरची पावती

आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आठवडाभर एकच विषय चाललाय. गणपतीची वर्गणी यापुढे दारोदार फिरून गोळा करायची नाही, मेंटेनन्सच्या बिलातच महिना दोनशे रुपये ‘उत्सव निधी’ म्हणून लावून टाकायचे. कमिटीत तिघेच उरलेत आणि संध्याकाळी बेल वाजवली तर निम्म्या घरांत कुणी नसतं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. हॅम्बुर्गमध्ये बसून मी यात तोंड घालू नये, हेही कळतं. पण देवाधर्माचे पैसे परस्पर कापून घ्यायचा हाच प्रकार इथल्या चर्चमध्ये अकरा वर्षं शेजारून बघतेय, म्हणून राहवत नाही.

इथलं सेंट मायकेलिस, लोकांच्या तोंडी नुसतं ‘मिशेल’, हे जुनं ल्युथरन, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचं चर्च. १३२ मीटरचा मनोरा आणि आत अडीच हजार माणसं बसतील एवढी जागा. १७५० मध्ये वीज पडून जळालं, १९०६ मध्ये मनोऱ्याच्या दुरुस्तीत धातूला डाग देताना पुन्हा पेटलं, १९१२ मध्ये परत उभं राहिलं. संगीतकार ब्राम्सचा बाप्तिस्मा इथलाच. रविवार सोडून रोज सकाळी दहाला आणि रात्री नऊला मनोऱ्यावरून एकजण ट्रम्पेटवर भक्तिगीत वाजवतो, चारी दिशांना तोंड करून. स्पीकर नाही. (आमच्या ग्रुपवर हे सांगायची सोय नाही, लगेच डीजेवर गाडी घसरते.)

मी ख्रिस्ती नाही, गाण्यासाठी अधूनमधून रविवारी जाते. भिंतीवरच्या फळीवर गीतांचे नुसते आकडे लावलेले असतात. पहिल्यांदा माझी तारांबळ बघून शेजारच्या आजींनी स्वतःचं पुस्तक उघडून माझ्या हातात दिलं आणि आपण पाठ म्हणाल्या. त्यांच्या पलीकडे मात्र अख्खा बाक रिकामा होता.

पैशाची व्यवस्था चोख आहे. चर्चचा सभासद म्हणून नोंद असली की हॅम्बुर्गमध्ये आयकराच्या ९ टक्के इतका चर्च-कर पगारातूनच कापला जातो आणि करखात्यामार्फत पोचता होतो. त्यावर पाद्र्यांचे पगार होतात, बालवाड्यांना हातभार लागतो. कुणी दार वाजवत नाही. पण ज्याला पटत नाही तो भांडतही नाही. नोंदणी कार्यालयात जातो, फॉर्म भरतो, सुटतो. २०२३ या एका वर्षात जर्मनीतल्या प्रोटेस्टंट चर्चमधून सुमारे ३ लाख ८० हजार माणसं अशी बाहेर पडली. श्रद्धा आटली, अत्याचाराची प्रकरणं बाहेर आली, कारणं बरीच आहेत. माझ्या ऑफिसातला एकजण पगाराची स्लिप बघून उठला आणि नाव काढून आला. “कुणी विचारलं नाही?” म्हटलं, तर म्हणाला, “कोण विचारणार?”

मी बाबांबरोबर पावतीपुस्तक घेऊन फिरायचे. कार्बन सरकला की खालची प्रत कोरी निघायची आणि बाबा वैतागायचे. तिसऱ्या मजल्यावरचे काका एकावन्न रुपयांसाठी वीस मिनिटं उंबऱ्यात उभं करायचे. मांडवाला किती गेले, मागच्या वर्षीची शिल्लक कुठाय, रोषणाईवाला कुणाचा मेहुणा. बाबा जिना उतरताना शिव्या घालायचे आणि घरी आल्यावर हिशेबाची वही पुन्हा तपासायचे. आमच्या सोसायटीचं ऑडिट ते काकाच होते. बिलात दोनशे रुपये लागले की हा प्रश्न विचारायला दारात कुणी येणारच नाही.

दुसरी गोष्ट अशी की इथे निदान सभासद नसलेल्याचं काही कापत नाहीत. आपल्या बिल्डिंगमध्ये तलावपाळीजवळच्या चर्चला जाणारी दोन कुटुंबं आहेत. ती वर्षानुवर्षं आपणहून वर्गणी देतात, आरतीला खाली येतात. त्यांच्या बिलात ही रक्कम सक्तीने लावायची?

वर्गणीच्या नावाखाली गाड्या अडवणारी, दुकानदारासमोर पाच हजारांची पावती फाडून ठेवणारी पोरं मीही पाहिलीत. त्यांची बाजू मी घेत नाहीये. मी जिन्याबद्दल बोलतेय.

तेव्हा कमिटीला विनंती, माझ्या नावाची वर्गणी बिलात लावू नका, यूपीआयनेही मागू नका. आईकडे या, ती चहा टाकेल. पावती हातात द्या. आणि मांडवाचा खर्च पाठ करून या, कारण हल्ली ती काकांचेच प्रश्न विचारते.