बोरं जमिनीवरच पडायला हवीत

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर ठरलेलं भांडण सुरू होतं. इंदूरहून काका लिहितात, ‘मुलांना सांताच्या टोप्या घालू नका. 25 डिसेंबरला तुळशीची पूजा करा. खाऊच द्यायचा असेल तर संक्रांतीला बोरन्हाण आहे.’ मग पुण्याचा आतेभाऊ हसरे चेहरे टाकतो. वहिनी शाळेतल्या कार्यक्रमाचा फोटो टाकते, त्यात काकांचीच नात लाल टोपीत उभी असते, आणि काका दोन दिवस गटावर फिरकत नाहीत. मी हे सगळं जर्मनीत, लाइपझिगमध्ये बसून वाचते. अकरा वर्षं झाली मला इथे. घरच्यांची खात्री आहे की मी सांताच्या बाजूने बोलणार, कारण मी ‘तिकडची’ झाले.

पण तिकडेही त्याच्यावरून भांडणं आहेत, आणि आपल्यापेक्षा खूप जुनी.

हा बाबा मुळात चौथ्या शतकातला एक बिशप, निकोलस. त्याचं मायरा गाव आज तुर्कस्तानात आहे, देमरे नावाने. त्याची सगळ्यांत गाजलेली गोष्ट अशी: एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यापायी अडली होती, आणि निकोलसने रात्री कोणाला न कळता त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. काकांना फोनवर ही गोष्ट सांगितली तेव्हा ते जरा थांबले आणि म्हणाले, ‘म्हणजे बेटा, आपल्याकडचीच भानगड निघाली की.’

जर्मनीत त्याचा दिवस 6 डिसेंबर. मुलं आदल्या रात्री बूट पुसून दाराबाहेर ठेवतात आणि सकाळी त्यात अक्रोड, संत्री, चॉकलेट सापडतं. मार्टिन ल्यूथरला संतांची भक्ती नको होती, म्हणून त्याने मुलांच्या भेटी निकोलसकडून काढून नाताळच्या बाळ येशूकडे, क्रिस्टकिंटकडे दिल्या. पुढे काळाने अशी कोलांटी मारली की आज दक्षिणेतल्या कॅथलिक घरांत हा ल्यूथरचा क्रिस्टकिंट येतो, आणि उत्तरेतल्या प्रोटेस्टंट भागांत लाल कोटातला म्हातारा, वाइनाख्ट्समान. 2002 मध्ये एका कॅथलिक संस्थेने तर ‘सांतामुक्त क्षेत्र’ अशी मोहीमच काढली. त्यांचं म्हणणं, बाजारातल्या या जाड्याने आमचा खरा निकोलस गिळला. काकांना जर्मन येत असतं तर त्यांनी ते पत्रक दहा गटांवर पुढे पाठवलं असतं.

काकांच्या म्हणण्यातलं सगळंच मला टाकाऊ वाटत नाही. अमुक तारखेला सगळ्या मुलांनी सांताचा पोशाख घालून यावं असं शाळेने फर्मावायचं, पालकांनी धावत जाऊन एका दिवसापुरता तो पोशाख आणायचा, हे मलाही खटकतं. 2023 मध्ये आमच्या मध्य प्रदेशातल्या शाजापूर जिल्ह्यात शाळांना सांगितलं गेलं की पालकांची लेखी परवानगी असल्याशिवाय मुलांना असा वेश देऊ नका. परवानगी विचारा एवढंच ते असेल, तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. सहल काढतानाही विचारतातच. पण 2024 च्या नाताळात आमच्या इंदुरात घरोघरी जेवण पोचवणाऱ्या एका मुलाला रस्त्यात अडवून अंगावरचा सांताचा पोशाख उतरवायला लावला, तो व्हिडिओ मी इथे पाहिला आणि मान खाली गेली. मालकाने दिलेला पोशाख पोटासाठी घालणारा पोरगा तो. संस्कृती वाचवायला सापडला कोण, तर हा. आणि इंदूरला नाताळ मॉलमधून आला असंही नाही. आमच्या गावातलं ख्रिश्चन कॉलेज 1887 चं आहे, कॅनडाच्या मिशनऱ्यांनी काढलेलं. किशोर कुमार तिथे शिकला, याचा अभिमान मात्र गावात सगळ्यांना आहे, काकांनाही.

असो. माझं भांडण वेगळंच आहे. बोरन्हाण सांतामुळे लोपत चाललंय, हे मला मान्य नाही. ते आपल्याच हातांनी चाललंय.

रामबागेतल्या आमच्या घरी संक्रांतीच्या आधी आठ-दहा दिवस आजी हलवा करायला बसायची. बाहेर माळव्याची थंडी, आत शेगडी. मंद निखाऱ्यांवर पितळी परात, परातीत मूठभर तीळ नाहीतर खसखस. शेजारी वाटीत साखरेचा पाक. आजी चमचाभर पाक सोडायची आणि बोटांच्या टोकांनी ते दाणे गोल गोल फिरवत राहायची. तो पाक सुकला की पुन्हा चमचाभर. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठा व्हायचा, आच वाढली की रंग जायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्यांवर पांढरा काटा दिसायला लागायचा, आणि मग आम्हां पोरांना परातीजवळ फिरकायची बंदी, कारण नुसत्या धक्क्याने काटा मोडतो. त्या हलव्याचे दागिने ओवले जायचे: मुकुट, हार, बाजूबंद, बासरी. काळ्या झबल्यावर ते पांढरे दागिने घालून बाळाला पाटावर बसवायचं आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, उसाच्या गंडेऱ्या, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, रेवड्या, बत्तासे ओतायचे. बाळ बहुतेक वेळा रडायचं. आणि आम्ही तुटून पडायचो.

ते तुटून पडणं हाच सगळा कार्यक्रम होता. गल्लीतली आठ-दहा पोरं, त्यात बोलावलेली किती आणि वास लागून आलेली किती हे कोणी मोजत नसे. फ्रॉकचा ओचा करून त्यात भरायचं. रेवड्यांवर सगळ्यांचा डोळा, घाट्यांना कोणी विचारत नसे. एकाला बत्तासा, दुसऱ्याला दोन किडकी बोरं, तिसऱ्याच्या कपाळाला टेंगूळ. संध्याकाळपर्यंत आमच्या आपसांत अदलाबदली चालायच्या: चार गंडेऱ्यांना एक रेवडी असा काहीतरी भाव होता.

आता परवाचं सांगते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी इंदूरला होते, ओळखीच्या घरी बोरन्हाण होतं. हॉल घेतलेला. मागे फुगे आणि पतंग लावलेला पडदा, समोर फोटोवाला. हलव्याचे दागिने विकतचे, त्याबद्दल माझी तक्रार नाही, आता कोण परात घेऊन बसणार? बाळाच्या डोक्यावरून कागदात गुंडाळलेली चॉकलेटं आणि थोडी बोरं सावकाश, फोटोवाला सांगेल तशी, तीनदा ओतली. एक चार-पाच वर्षांचा मुलगा वाकला, तर आईने त्याचा हात धरला. ‘उचलू नको, खालचं आहे ते. जाताना आपलं पाकीट मिळणार आहे ना?’ आणि खरंच, दाराशी टेबलावर पाकिटं मांडलेली होती, प्रत्येकावर मुलाचं नाव. आत सगळं सारखं, मोजून. खाली पडलेलं नंतर हॉलच्या माणसाने झाडूने एका बाजूला केलं.

मला तेव्हा लाइपझिगचा दरवाजा आठवला. नावाचं पाकीट म्हणजे निकोलसचा बूटच की! ज्याचा बूट त्याचा खाऊ, दुसऱ्याने हात लावायचा नाही. इकडे नाताळचा विरोध आणि तिकडे बोरन्हाणात बूट घुसलेला, कोणाच्या लक्षातही नाही.

बुटाला मी नावं ठेवत नाही. इथल्या काही रिवाजांवर माझा जीव आहे. मुलगी पहिलीत गेली तेव्हा तिला त्सुकरट्यूटे मिळाली, म्हणजे साखरेचा पुडा. जवळजवळ तिच्या छातीपर्यंत येणारा पुठ्ठ्याचा शंकू, आत गोळ्या, चॉकलेटं, रंगीत पेन्सिली. ही चाल सॅक्सनी आणि थुरिंगियातली, एकोणिसाव्या शतकापासूनची, पुढे देशभर गेली. शंकू मी स्वतः चिकटवला, तीन संध्याकाळी, बोटांना डिंक, आणि सारखी आजीची परात डोळ्यांपुढे. पण 6 डिसेंबरची एक गोष्ट मला आजही पचत नाही. निकोलस घरी येतो तेव्हा आधी विचारतो, ‘वर्षभर शहाण्यासारखी वागलीस का?’ त्याच्यासोबत छडीवाला क्नेष्ट रुपरेष्ट असतो. आजकाल छडी नुसती नावाला, पण प्रश्न असतोच. मूल कविता म्हणून दाखवतं, मग थैली उघडते. बोरन्हाणात बाळाला कोणी काही विचारत नाही. ते रडलं तरी, अंगावरचा हलवा चाटून बसलं तरी त्याच्या डोक्यावर बोरं पडतातच. ‘गोड बोला’ आपण म्हणतो खरं, पण तिळगूळ हातावर ठेवताना. आणि ते मोठ्यांनाही म्हणतो.

मुलगी चार वर्षांची असताना मी इथे बोरन्हाण केलं. ताजी बोरं कुठून आणणार? व्हिएतनामी दुकानात वाळलेली लाल बोरं मिळाली आणि गोठवलेला ऊसही. चुरमुऱ्यांच्या जागी लाह्या. बालवाडीतली सात मुलं आणि त्यांचे आईबाप आले. मी टोपलीतलं सगळं मुलीच्या डोक्यावर ओतलं आणि मुलांकडे पाहिलं. मुलं जागच्या जागी उभी! एकाने फार सभ्यपणे विचारलं, ‘यातलं माझं कोणतं?’ मी म्हटलं, तुझ्या हाताला लागेल ते. त्याने आईकडे पाहिलं. तेवढ्यात मागून कोणाचा तरी बाप ओरडला, ‘कामेले!’ तो कोलोनचा होता. तिकडे लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपासांच्या, आधीच्या कार्निव्हलात रोझनमोंटागच्या, म्हणजे सोमवारच्या मिरवणुकीत गाड्यांवरून लोकांवर मिठाई उधळतात, एका दिवसात सुमारे 300 टन, आणि ती झेलायला लोक ‘कामेले’ ओरडतात. काहीजण छत्र्या उलट्या धरतात. तो पँटचे गुडघे टेकून पहिला जमिनीवर बसला. मग मुलं सुटली.

खालच्या मजल्यावरच्या आजीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या जुन्या पूर्व जर्मनीत वाढलेल्या. त्या काळी नाताळच्या श्टोलेन केकमध्ये घालायला मनुकाही वेळेवर मिळत नसत, पश्चिमेकडच्या नातेवाइकांच्या पार्सलाची वाट बघायची. लिंबाच्या पाकवलेल्या सालीऐवजी हिरवे टोमॅटो पाकवून घालायचे, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. पोरांचा गलका संपल्यावर त्या आत आल्या, सोफ्याखाली राहिलेली दोन लाल बोरं उचलली, पुसली, आणि एक तोंडात टाकून दुसरं स्वेटरच्या खिशात ठेवलं.

येत्या संक्रांतीला वहिनीच्या भाचीच्या बाळाचं बोरन्हाण आहे. गटावर आमंत्रण आलं, त्यात डोक्यावर मुकुट घातलेलं गुबगुबीत बाळ आणि हॉलचा पत्ता. काकांनी लगेच हात जोडले: ‘हीच आपली संस्कृती.’ मी वहिनीला वेगळा निरोप पाठवला की मी तिकीट काढते, हवं तर हलव्याचे दागिने माझ्याकडून, पण पाकिटं ठेवू नका, मुलांना खालचं वेचू द्या. पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं.

‘ताई, हॉलवाला चटईवर काही सांडलं तर वेगळे पैसे घेतो. झाडणार कोण, तुम्ही?’

मी तिकीट काढलंय.