टॉवेलच्या कारखान्यात क्रिएटिव्हिटी आणायची असेल तर

पहिल्यांदा पुण्याहून ट्रेनर मागवा. सोलापूरचा नको, गावातल्या माणसाला डोकं असतं हे आपल्याला पटतच नाही. तो आदल्या रात्री हुतात्मा एक्सप्रेसने येईल, सकाळी ‘सात रस्ता’ चौकाजवळच्या हॉटेलात एसी हॉल घ्या, रंगीत चिठ्ठ्या आणि मार्कर वाटा, आणि ‘कुठलीही आयडिया वाईट नसते’ हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. मग मालक पहिल्या खुर्चीत बसतील. झालं, आता कोण बोलतंय बे?

ट्रेनर सांगेल की हे ब्रेनस्टॉर्मिंग ऑस्बॉर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याने काढलं, टीका करायची नाही, आयडियांचा ढीग लावायचा. तेव्हा मान हलवा. १९५८ साली येल विद्यापीठात प्रयोग झाला होता, चौघांच्या गटापेक्षा एकेकटं बसून विचार करणाऱ्या चौघांच्या आयडिया मिळून जास्त निघाल्या, हे मात्र अजिबात काढू नका. कारण साधं आहे, एक बोलत असताना बाकीचे गप्प बसतात आणि स्वतःचं विसरतात, पण ट्रेनरचा चेक फाटून झालाय ना.

चहाच्या वेळी आमच्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मामांना, मी विचारलं, मामा, तुम्ही का नाही बोललात? मामांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, ‘टॉवेलचे लूप कमी-जास्त का येतायत विचारत होते ना, चार नंबरच्या मागावर लूपचं सूत गुंडाळलेल्या बीमचा ब्रेक घसरतोय, सुताचा ताण एकसारखा राहत नाही. दोन म्हैने सांगतोय.’ अहो, हे आत सांगायचं ना! ‘आत चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, ताण कसा लिहायचा चिठ्ठीवर?’

तर अशा माणसाला आत चुकूनही नेऊ नका, नेलात तर मागे बसवा. निवड मालकांच्या भाच्याच्या आयडियेची करा: टॉवेलवर क्यूआर कोड, स्कॅन केला की सिद्धेश्वर मंदिराचा व्हिडिओ. सगळ्यांनी टाळ्या वाजवा, जेवणात शेंगाचटणी ठेवा, ग्रुप फोटो काढा, चिठ्ठ्या भिंतीवर तशाच राहू द्या, एसी बंद झाला की आपोआप गळून पडतात, झाडूवाल्या मावशी बघतील.

आणि हो, त्या दिवशीची पाळी बुडली ना, ती सुट्टीच्या दिवशी भरून घ्यायला विसरू नका. चार नंबरचा माग चालूच ठेवा.