तुर्कीचे काका, कापसाचे बोळे आणि माझ्या भाचीचे कान

‘मामा, बाबांनी हे पाठवलंय. मग मफ घ्यायचे की नाही?’ भाचीचा मेसेज आणि खाली तो फॉरवर्ड. हाच फॉरवर्ड मी आधी दोन ग्रुपवर बघून सोडून दिला होता, म्हटलं कोण वाद घालत बसणार. पण पोरगी सोळा वर्षांची आहे, दीड वर्ष एअर पिस्तूल मारून गेल्या महिन्यात पॉइंट टू टूवर (.२२ बोअर, म्हणजे दारूवर चालणारी खरी गोळी) आलीय, दर रविवारी वरळीला रेंजवर जाते, आणि आमचे भावोजी (माणूस सोन्यासारखा, पण फोनवर आलेलं सगळं खरं मानणारा) खूश आहेत की चला, मफचे पैसे वाचले. त्यामुळे आता लिहितोच.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. इयरमफ, म्हणजे हेडफोनसारखे दोन्ही कान झाकणारे मफ, हा कंपन्यांचा धंदा. पॉइंट टू टूचा आवाज फटाक्याएवढा, आणि मुंबईकरांना आवाजाची सवयच असते. पहिले पंधरा दिवस रोज पाच राउंड उघड्या कानांनी मारायचे, कान ‘तयार’ होतात. अगदीच वाटलं तर कापूस नाहीतर नॉइज कॅन्सलिंग इयरबड. मफ घालायचेच तर डब्यावर सगळ्यात मोठा आकडा असेल ते घ्या, पण ते घातले की कमांड ऐकू येत नाहीत म्हणून ते धोक्याचे. आणि पुरावा काय, तर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला तो एक हात खिशात घालून उभा असलेला तुर्कीचा युसुफ दिकेच, ‘बघा, याने काहीच घातलं नाही आणि सिल्व्हर घेऊन गेला’.

आधी या तुर्कीच्या काकांचंच घेऊ. फोटो झूम करून बघा, कानात प्लग आहेत. मोठे मफ नव्हते एवढंच. आणि ती मॅच १० मीटर एअर पिस्तूलची होती, त्याच इव्हेंटमध्ये आपल्या मनू भाकर आणि सरबजोत सिंगला ब्राँझ मिळालं. एअर पिस्तुलात दारूच नसते, दाबलेल्या हवेवर छर्रा सुटतो. त्यामुळे एवढं मान्य करतो, की फक्त एअर मारणाऱ्याला दोन हजारांचे मफ घेतलेच पाहिजेत असं नाही, साधे प्लग पुरतात, बरेचजण तेही कानापेक्षा लक्ष लागावं म्हणून घालतात. पण हे एअरचं झालं. शेजारच्या रेंजवर पॉइंट टू टू चालू असेल तर तो आवाज ‘मी एअरवाला’ म्हणून तुम्हाला सोडत नाही.

आता फटाका. आपल्याकडे फटाक्यांचा जो नियम आहे त्यात पीक, म्हणजे क्षणभर टिपेला जाणाऱ्या, आवाजाची मर्यादा १४५ डेसिबल आहे, आणि तो आवाज मोजायचा चार मीटर लांबून. पॉइंट टू टूची रायफल मारणाऱ्याच्या कानाशी साधारण १४० च्या आसपास जाते, पिस्तूल त्याच्याही वर, कारण नळी आखूड. आणि पिस्तूल चार मीटरवर नसतं हो, हाताच्या अंतरावर असतं. वर पत्र्याचं छप्पर, बाजूला भिंती, शेजारच्या लेनमध्ये आणखी चारजण. १४० पीक ही ती रेघ आहे जिच्यापुढे एका आवाजानेही कानाला कायमची इजा होऊ शकते, तिथे सवय बिवय चालत नाही. लोकल, ढोलताशे, हॉर्न यांची ‘सवय’ म्हणजे सुद्धा कान पक्का झाला असं नसतं, बहुतेक वेळा थोडा गेलेला असतो.

आणि आता तो कान ‘तयार’ करायचा मुद्दा, ज्याच्यामुळे माझं डोकं फिरलं. कानाच्या आत एक बारीक स्नायू असतो, मोठ्या आवाजाला तो आखडतो, हे खरंय. पण त्याला आखडायला निदान काही डझन मिलिसेकंद लागतात आणि गोळीचा आवाज त्याच्या आधी टिपेला जाऊन आत पोचलेला असतो. आतल्या शंखात आवाज पकडणाऱ्या केसासारख्या पेशी, एका कानात साधारण पंधरा हजार, एकदा मेल्या की माणसाला परत येत नाहीत. कोंबडीला येतात. फॉरवर्ड लिहिणारा कोंबडी असेल तर मी शब्द मागे घेतो.

हे मी वाचून सांगत नाहीये. कॉलेजात असताना एका कॅम्पमध्ये आम्हाला रायफल दिली, कानाला काही नाही, वर ‘होईल सवय’ हे वाक्य. दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती, तिसऱ्या दिवशी गेली, मला वाटलं झाला कान तयार. अडतिसाव्या वर्षी बायकोच्या कटकटीमुळे ऑडिओमेट्री (कोणता सूर किती ऐकू येतो याची तपासणी) केली तर ग्राफ सरळ सरळ जाऊन ४,००० हर्ट्झच्या बारीक सुराला खड्ड्यात, आणि डावीकडचा खड्डा जास्त खोल. उजव्या हाताने रायफल मारणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला. आधी जातात ते स, श, फ असले बारीक आवाज. भाजीवाला साठ म्हणतो, मला आठ ऐकू येतं, मी दहाची नोट पुढे करतो आणि तो माझ्याकडे बघतो. रात्री पंखा बंद केला की जुन्या ट्यूबलाइटच्या चोकसारखं काहीतरी वाजत राहतं, त्याला गोळी नाही, औषध नाही. तर भावोजी, ती शिट्टी थांबली म्हणजे कान बरा झाला असं नाही.

कापूस: काही मोजके डेसिबल कमी करतो, विषय संपला. इयरबड: ते विमानाच्या घरघरीसारख्या एकसुरी आवाजासाठी असतात, धडाक्यासाठी नाहीत.

डब्यावरच्या आकड्याचं मात्र नीट सांगतो, कारण इथे शहाणे लोकही फसतात. एनआरआर, म्हणजे आवाज किती डेसिबल कमी होतो तो आकडा, ३३ लिहिला म्हणजे तुमच्या कानात ३३ कमी होत नाहीत, तो लॅबमधला आकडा. अमेरिकन सरकारची नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था, तिने १९९८ मध्ये सांगितलं होतं की मफच्या आकड्यातून पाव भाग काढा, चुरगळून घालायच्या फोम प्लगमधून अर्धा, बाकी तयार प्लगमधून ७० टक्के. हिशोब कारखान्यांसाठीचा आहे, पण ३३ चा प्लग साडेसोळावर येतो आणि २५ चा मफ जवळपास १९ वर, हे तरी कळतं. कारण लोक प्लग कानाच्या दारात ठेवतात, आत नाही. बोटांनी सुरकुती न पाडता अगदी बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरायचा. समोरून प्लगचं बूड जेमतेम दिसलं पाहिजे, सगळा दिसला तर काढून परत. पॉइंट टू टूला प्लगवर मफ असे दोन्ही घाला, नायॉशही बंदुकीसाठी तेच सांगते. मात्र आकड्यांची बेरीज करू नका, मोठ्या आकड्यात साधारण पाचच मिळवायचे. आणि भाचीला चष्मा आहे, जाड काडी मफच्या गादीखाली फट पाडते, तिने बारीक काडीचा चष्मा घालून, मफ लावून बघूनच ते घ्यावेत, ऑनलाइन डोळे मिटून नको.

कमांडचा मुद्दा? बरं, अर्धा खरा. दोन्ही घातले की रेंज ऑफिसरचं ‘स्टॉप’ दबकं येतं. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक मफ असतात, बोलणं आत सोडतात आणि धडाका अडवतात, प्रॅक्टिसला मस्त. पण ऑलिंपिकच्या नेमबाजीचे नियम करणारी जागतिक संघटना आयएसएसएफ खेळाडूला आवाज आत घेणारं यंत्र असलेले मफ मॅचमध्ये लावू देत नाही, म्हणून पोरीने साध्या मफचीच सवय केलेली बरी. तीच आयएसएसएफ फायरिंग लाइनच्या जवळ असणाऱ्या सगळ्यांनी कान झाका म्हणते, नुसत्या नेमबाजांनी नाही.

म्हणजे भावोजी, तुम्ही मागच्या बाकावर चहा घेऊन बसता ना, तुम्ही पण त्यात आलात. रविवारी मफ घेऊन येतोय, सोबत फोम प्लगचं पाकीट आहे, त्यातली एक जोडी तुमची.