मिरचीला चिलट हलत नाही, म्हणून?

तासगाव-मिरज भागातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: 'शास्त्रज्ञ फळमाश्यांना चटके देऊन माणसाच्या दुखण्याचा अभ्यास करतायत. हीच माशी आपले पेरू नासवते. किड्याला दुखतच नाही, मिरचीचं पाणी लावून बघा, ढिम्म हलत नाही. अळी काय, कशालाही वळवळते. माणसाचा तिच्याशी संबंध काय? आणि यावर करोडोंची यंत्रं!' यातलं मिरचीचं वाक्य खरं आहे, आणि तेच सगळ्यात फसवं.

आधी पेरूचं. पेरू-आंब्यात अळ्या पाडणारी, जिच्यासाठी बागेत मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगतात, ती बॅक्ट्रोसेरा. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला म्हणजे फुटक्या द्राक्षांवर आणि रसवंतीच्या चिपाडांवर घोंगावणारं लाल डोळ्यांचं, जेमतेम ३ मिलिमीटरचं चिलट. ते आंबलेल्या फळावरच्या यीस्टवर जगतं. मराठीत दोघींनाही फळमाशी म्हणतात, त्यामुळे या घोळाचा दोष एकट्या मेसेजवाल्याचा नाही.

आता मिरची. आपल्या चेतातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. मिरचीतल्या कॅप्सेसिनने ते उघडतं, आणि ४३ अंशांच्या आसपासच्या उष्णतेनेही उघडतं. ठेचा तोंड 'भाजतो' तो यामुळे. कॅप्सेसिन ओळखणारं हे प्रथिन चिलटाकडे नाही. पक्ष्यांकडे ते आहे, पण त्यांचं प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट लवंगी मिरची मजेत खातो. पोपटाला चटका लागत नाही असं कुणी म्हणेल का? चिलटाला मिरचीऐवजी मोहरीचा झणका द्या. त्यातलं अलाइल आयसोथायोसायनेट ते टाळतं. त्याच्यातलं 'पेनलेस' नावाचं जनुक बिघडवलं, तर मात्र टाळत नाही.

हे जनुक सापडलं ते अळ्यांना चटका देऊनच, २००३ साली. आणि 'अळी कशालाही वळवळते' हे म्हणणं तिथेच पडतं. अळीला बारीक केसाने हलकेच शिवलं, तर ती थांबते, डोकं आखडते किंवा वाट बदलते. तापलेलं टोक लावलं, तर ती एका कुशीवर पिंपासारखी गोल लोळते, पूर्ण ३६० अंश. साधं सरपटताना ती असं कधी करत नाही. सुमारे ४० अंशांखाली लोळण सहसा दिसत नाही, तर ४६-४७ अंशांना धडधाकट अळी बहुधा सेकंदाभरात लोळते. पेनलेस बिघडलेल्या अळीला कितीतरी जास्त वेळ लागतो. निसर्गात या लोळण्याचा उपयोग गांधीलमाशीच्या जातीतल्या लेप्टोपिलिनापासून सुटायला होतो. ती अळीच्या अंगात नांगी खुपसून अंडं घालते, आणि लोळणाऱ्या अळीपासून तिची नांगी निसटू शकते.

तरीही शंका राहिलीच, तर हे बघा. अळीच्या कातडीखाली झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या विशिष्ट चेतापेशी असतात. त्यांना चौथ्या वर्गाच्या पेशी म्हणतात. त्यांच्यात निळ्या प्रकाशाने चेतणारं प्रथिन बसवलं, की चटका नाही, टोचणं नाही, नुसता निळा दिवा लावला तरी अळी लोळते. 'कशालाही' नव्हे, नेमक्या याच पेशींचा निरोप गेला म्हणून.

मेसेजमधला एक मुद्दा मात्र मान्य करायला हवा. अळीला आपल्यासारखं 'दुखतं' हे यातून सिद्ध होत नाही. मोजली जाते ती इजेची चाहूल आणि तिला दिलेलं उत्तर. बातम्यांचे मथळे हा फरक खाऊन टाकतात आणि मग असे मेसेज जन्मतात.

माणसाशी संबंध? मिरचीचं टीआरपीव्ही-१ आणि चिलटाचं पेनलेस ज्या प्रथिनांच्या घराण्यातले, त्या 'टीआरपी' घराण्याचं नावच चिलटाकडून आलंय. १९६९ साली नोंदलेल्या, सततच्या उजेडात दृष्टी हरवणाऱ्या एका चिलटावरून ते पडलं. मिरचीचं प्रथिन १९९७ मध्ये सापडलं तेव्हा ते याच घराण्यातलं निघालं, आणि त्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

राहिली करोडोंची यंत्रं. जनुकं बदलण्याचं काम महागच आहे, पण चटक्याचा मूळ प्रयोग सोल्डरिंगच्या कावियावर होतो. त्याचं टोक घासून अर्धा-पाऊण मिलिमीटर रुंद करायचं आणि तापमान नियंत्रकाने उतरवायचं. डायलवर विश्वास ठेवायचा नाही, टोकालाच थर्मोकपल (तापमान मोजणारी बारीक तार) लावून मोजायचं. अळी तिसऱ्या अवस्थेतली, बशीत पाण्याच्या पातळ थरावर. पाणी जास्त झालं तर टोक थंड पडतं आणि अळी उगाचच 'बधिर' ठरते. कोरडी पडली तर ती बशीला चिकटते आणि लोळूच शकत नाही. टोक पोटाच्या मधल्या खंडांवर, बाजूने टेकवायचं, दाबायचं नाही. दाबलं तर चटका मोजला की टोचणं, हे कळत नाही. कुठली अळी कुठल्या वाणाची, हे वेळ मोजणाऱ्याला माहीत नसावं.

खाद्य तर बहुतेक किराणा दुकानातलं: १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम रवा, १० ग्रॅम अगर-अगर (जेलीसारखं घट्ट करणारी पूड). उकळून जरा निवल्यावर ७.५ मिली प्रोपिऑनिक आम्ल. ते कमी पडलं तर साताऱ्याच्या पावसाळ्यात बाटलीला बुरशी आलीच म्हणून समजा. खरी अडचण सांगलीच्या उन्हाळ्याची. ३० अंशांवर वाढवलेले नर नापीक होतात आणि पुढची पिढीच मिळत नाही. शिवाय खोलीच ३८ अंशांवर असेल, तर ४० अंशांचा चटका कशाच्या तुलनेत मोजणार? म्हणून २५ अंशांवर राहणारी पेटी घ्यावी लागते. चटक्याच्या प्रयोगात सगळ्यात मोठा खर्च होतो तो असा, गारव्यावर.