पाद्र्यांची गर्दी, पण पाळक नाही?

काका, तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि तिसऱ्यांदा आईला फोनवर वाचून दाखवली. ती हसत म्हणाली, "बरोबर बोलतायत की ते." घरातच फितुरी म्हटल्यावर उत्तर सविस्तर देणं आलं.

मागची पोस्ट ज्यांच्या वाचनात आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. न्यू जर्सीतल्या आमच्या एपिस्कोपल (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, अँग्लिकन परंपरेतल्या) चर्चचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, अकरा वर्षांनी निवृत्त झाले. त्यानंतरचे चौदा महिने ज्यांनी मंडळी सांभाळली, त्यांच्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यात नवा रेक्टर मिळेपर्यंत तात्पुरत्या नेमलेल्या इंटरिम पाळकबाईही होत्या. त्यावर नगरच्या या काकांचं म्हणणं असं: "चौदा महिने? पाद्र्यांची गर्दी आणि पाळक एकही नाही! आमच्याकडे बिशपसाहेब बदलीचं पत्र काढतात, पंधरा दिवसांत सामान टेम्पोत. तुमच्याकडे कमिट्या, मुलाखती, प्रश्नावल्या. हे देवाचं पाचारण आहे की नोकरभरती? आणि ती इंटरिमबाई एवढी चांगली आहे, तर तिलाच ठेवून घ्या ना."

आधी बदलीचं बघू. काका, तुमच्याकडे पाळक नाही पटला तर पुढच्या बदलीपर्यंत कळ काढता येते. इथे बदली हा प्रकारच नाही. रेक्टरला निवडते व्हेस्ट्री, म्हणजे आपल्या पंच कमिटीसारखी, सभासदांनी निवडून दिलेली कमिटी. नाव ठरलं की ते बिशपांकडे जातं आणि आपलं मत कळवायला त्यांच्या हाती जास्तीत जास्त साठ दिवस असतात. एकदा रेक्टर आला की त्याला मुदत नाही. व्हेस्ट्रीला तो नकोसा झाला तरी त्याच्या मर्जीविरुद्ध ती त्याला परस्पर काढू शकत नाही. उलट त्यालाही व्हेस्ट्रीच्या संमतीशिवाय राजीनामा देता येत नाही. भांडण विकोपाला गेलंच तर बिशपांना मध्ये घालून, कायद्याने आखलेल्या वाटेनेच सुटका. थोडक्यात, हे लग्न आहे. पंधरा दिवसांत कुणी लावून देऊ नये.

बिशपांच्या पत्रावर का चालत नाही, याचं मूळ इतिहासात आहे. इंग्रजांनी व्हर्जिनियात जेम्सटाउन वसवलं १६०७ मध्ये, आणि तेव्हापासून इथे अँग्लिकन उपासना सुरू झाली. पण अमेरिकेला पहिला बिशप मिळाला १७८४ मध्ये. सॅम्युएल सीबरी त्यांचं नाव. त्यांचा अभिषेकही झाला स्कॉटलंडमधल्या अबर्डीनला, कारण इंग्लंडमध्ये राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागायची आणि हे तर नुकतेच राजाशी लढून मोकळे झालेले. म्हणजे पावणेदोनशेहून जास्त वर्षं बिशप समुद्रापलीकडे आणि चर्चचा कारभार गावातल्या लोकांच्या हातात. ही सवय जाते कुठे? आणि काका, एक आगाऊपणा करते. तुम्ही नगरच्या अमेरिकन मिशनच्या मंडळीतले असाल, तर १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होईपर्यंत तुमच्या मंडळीलाही बिशप नव्हता! आजोबांच्या वेळचे जुने कागद असतील तर काढून बघा.

आता 'गर्दी'. मी ऑल्टर गिल्डमध्ये आहे. म्हणजे वेदीवरची वस्त्रं, प्याले, मेणबत्त्या यांची उस्तवार करणारी मंडळी. उपासनेच्या आधी जिथे झगे घालतात त्या खोलीत एक जाडजूड वही असते. प्रत्येक उपासनेची तारीख, वेळ, हजेरी आणि पुढे उपासना चालवणाऱ्याची सही. अकरा वर्षं त्या रकान्यात एकच सही, डावीकडे झुकलेली, शेवटचं अक्षर शेपटीसारखं ओढलेलं. नंतरच्या दोन पानांवर मी मोजल्या तर सात वेगवेगळ्या सह्या. तुम्हाला ती गर्दी वाटते. मला त्या वहीत एकही रविवार कोरा दिसत नाही.

सुरुवातीला सप्लाय प्रीस्ट यायचे, म्हणजे एका रविवारापुरते बोलावलेले, ठरलेलं मानधन आणि पेट्रोलचा खर्च घेऊन परत जाणारे. बहुतेक निवृत्त. या चर्चमध्ये बहात्तराव्या वर्षी पद सोडावंच लागतं, पण बिशपांच्या परवानगीने अशी मदत करता येते. त्यातले एक आजोबा चाळीस मैल गाडी चालवत यायचे. आमचे जुने रेक्टर सव्वासहा फूट, हे जेमतेम साडेपाच. पांढरा झगा पायात अडकायचा म्हणून मी सेफ्टी पिना लावून खाली दुमड घालायचे. तिसऱ्या खेपेला ते स्वतःच पिनांची डबी घेऊन आले.

आमच्या डीकनबाई, म्हणजे पाळकाच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षित सेविका, मात्र आधीपासूनच्या. डीकनला प्रभुभोजनाचा विधी चालवता येत नाही. शुभवर्तमान वाचायचं, वेदी मांडायची, शेवटी लोकांना निरोप द्यायचा. पण या चौदा महिन्यांत दवाखान्यात कोण आहे, कुणाच्या घरी भांडणं झाली, कोण तीन आठवडे दिसलं नाही, हे सगळं एकट्या त्यांना ठाऊक होतं. पगार शून्य. इथल्या बहुतेक डीकनांना नसतोच. दिवसा त्या शाळेत नर्स आहेत.

मग इंटरिमबाई आल्या. (आई विचारते, बाईच पाळक असेल तर पाळकीणबाई कुणाला म्हणायचं, तिच्या नवऱ्याला? मी अजून उत्तर शोधतेय.) त्यांनाच ठेवून घ्या म्हणता, तर काका, इथेच आपली वाट वेगळी होते. आमच्या धर्मप्रांतात, म्हणजे आमच्या बिशपांच्या हद्दीत, आणि इतरही बऱ्याच ठिकाणी नियम असा की इंटरिमने रेक्टरपदासाठी उमेदवार व्हायचं नाही. आधी मलाही हा आडमुठेपणा वाटला होता. पण पहिल्याच महिन्यात त्यांनी काय केलं ऐका. आमच्याकडे एक निधी होता. कुणाच्या तरी आजीच्या नावाने दिलेला, वीस वर्षं कुणी हात न लावलेला, आणि त्यावरून दोन घराणी एकमेकांशी बोलत नव्हती. जुन्या रेक्टरांनी तो विषय कधीच काढला नाही. काढून करणार काय, दोन्ही घरांत लग्नं, बाप्तिस्मे, अंत्यविधी त्यांनाच करायचे होते. इंटरिमबाईंनी दोन्ही घरच्यांना एका टेबलाशी बसवलं आणि सरळ म्हणाल्या, "मी वर्षभरात जाणार आहे, माझ्यावर खुशाल रागवा." ज्या बाईला इथेच राहण्याची आशा असती तिच्या तोंडून हे वाक्य निघालं असतं का? त्यांना ठेवून घेतलं तर ज्या गुणासाठी ठेवायचं तोच जाईल.

दुसरी एक वाट आहे, तीही सांगते. बिशप एखाद्याला प्रीस्ट-इन-चार्ज, म्हणजे रेक्टर न करता मंडळीचा प्रभारी पाळक, नेमतात, आणि काही काळाने दोन्ही बाजूंना पटलं तर व्हेस्ट्री त्यालाच रेक्टर म्हणून बोलावू शकते. लहान, पैशांची ओढाताण असलेल्या मंडळ्या आता बऱ्याचदा तेच करतात. तुम्हाला ते जास्त आवडेल.

नोकरभरतीचा टोमणा मात्र लागला. आम्ही स्वतःबद्दल वीस-बावीस पानांची माहिती तयार केली, फोटोंसकट. त्यात गळणाऱ्या छपराचा उल्लेख करायचा की नाही यावर दोन बैठका झाल्या. छप्पर शेवटी पान अकरावर, 'देखभालीच्या संधी' या मथळ्याखाली. मी त्या कमिटीत होते आणि हात वर केला होता, तेव्हा गप्प बसते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मागच्या पोस्टमध्ये मी एक माणूस वगळला होता. आमचे असिस्टंट पाळक, पस्तिशीतले. रेक्टर गेले की असिस्टंटची जागा आपोआप टिकत नाही. व्हेस्ट्रीने राहा म्हटलं तरच, आणि तेही बिशप आणि व्हेस्ट्री ठरवतील त्या अटींवर. आमच्या व्हेस्ट्रीने राहा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. प्रत्येक बैठकीत 'पुढच्या वेळी बघू'. ते दर रविवारी लहान मुलांना वेदीच्या पायरीवर बसवून गोष्ट सांगत राहिले आणि चौथ्या महिन्यात दुसऱ्या राज्यात निघून गेले, शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना, दोन मुलांना घेऊन. निरोपाच्या केकवर त्यांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. ते कौतुकाच्या पोस्टमध्ये बसेना म्हणून मी गाळलं. कळ काढण्याबद्दल मी वर तुम्हाला जे ऐकवलं ना, त्यातली सगळ्यात जास्त कळ त्या माणसाने काढली. तुमच्या टेम्पोवाल्या बदलीत निदान तारीख तरी कळते, हे मी मान्य करते.

तर सध्याची खबर: नाव ठरलंय, बिशपांकडे गेलंय. कोण ते विचारू नका, आईलाही सांगितलेलं नाही. नव्या रेक्टरच्या प्रतिष्ठापनेच्या उपासनेत मंडळीतले लोक एकेक वस्तू त्यांच्या हाती देतात: बायबल, पाणी, स्टोल (पाळकाचा गळ्यातला पट्टा), प्रार्थनेचं पुस्तक, तेल, भाकर आणि द्राक्षारस, आणि चर्चच्या किल्ल्या. आमच्या जुडग्यात एकोणीस किल्ल्या आहेत. काल संध्याकाळी आमचे ज्युनियर वॉर्डन (व्हेस्ट्रीतले, इमारतीची देखभाल बघणारे) आणि मी एकेक किल्ली लावून बघत फिरलो. चौदांना दारं सापडली. उरलेल्या पाचांना चिकटपट्टी लावून त्यावर प्रश्नचिन्ह काढलंय.