मालक आत आहेत

भाडेकरू गेला, घर रंगवून घेतलं, एजंटला किल्ली दिली. खरं तर एवढंच सांगण्यासारखं. पण शनिवारी वर्तकनगरच्या माझ्याच वन बीएचकेमधून मला बाहेर काढण्यात आलं, आणि ते अजून पचलेलं नाही.

गिऱ्हाईक म्हणजे एक नवं जोडपं. ते बाल्कनीत गप्पा मारत उभं राहिलं. घर बघत होते मुलीचे मामा. त्यांनी पिशवीतून टेप, टेस्टर, रुपयाचं नाणं आणि एक काचेची गोटी काढून ओट्यावर मांडली. सत्यनारायणाची मांडणीसुद्धा एवढ्या भक्तीने होत नाही.

आधी नाणं. उकिडवे बसून एकेक लादी टकटक वाजवत निघाले. "ही पोकळ. ही पण पोकळ. ही भरीव आहे." भरीव लादीचं मला उगाच कौतुक वाटलं. मग भिंतीला नाक लावलं. "ओल." आता त्या जागी अकरा दिवस रंगारी बसवून (चार म्हणाला होता) मी पावसाळ्याचा डाग पुट्टीखाली पुरला होता. वरच्या मजल्याला दोन वर्षं सांगतोय बाथरूम करून घ्या म्हणून. पण ते मामांना कसं सांगणार?

मग टेप.

"तुम्ही चारशे पाच फूट कार्पेट एरिया म्हणालात. हे तीनशे अठ्ठ्याऐंशी भरतंय."

"मामा, घरबांधणीचा तो रेरा कायदा आल्यापासून आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात."

"भिंतीत राहायचंय का पोरांनी?"

यावर रेरात काही तरतूद नाही.

शेवटी म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा. घराचा आवाज ऐकायचाय." आणि मी थांबलो! दार लागलं. आतून फ्लशचा आवाज. एकदा, दोनदा, तीनदा. महानगरपालिकेचं पाणी, बिल माझं.

समोरचं दार उघडलं. बाई नव्या राहायला आलेल्या.

"कोण पाहिजे?"

"कोणी नाही. मी मालक."

"मालक आत आहेत. आत्ताच आले, पिशवी घेऊन."

"ते मामा आहेत."

"तुमचे?"

"नाही हो, भाडेकरूचे. म्हणजे अजून भाडेकरू नाहीत."

बाईंनी साखळी लावली आणि फटीतून वॉचमनला फोन केला. तेवढ्यात मामांनी दार किलकिलं करून विचारलं, "काय गडबड आहे?" बाई म्हणाल्या, "काही नाही काका, हे मालक आहेत म्हणतायत." मामा क्षणभर विचारात पडले. तो क्षण मी त्यांना कधीही माफ करणार नाही.

मालक म्हणजे तरी काय म्हणा. करार नोंदवायची जबाबदारी मालकाची; नाही नोंदवला तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, तेही मालकालाच. भाडेकरू ठेवला की सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी लावते, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून शुल्क. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाही, असा शासनाचा आदेश 2001 सालचा आहे. पण आमच्या सेक्रेटरींकडे तो अजून पोचलेला नाही. मी झेरॉक्स दिली, तर म्हणाले, "मीटिंगमध्ये ठेवू." मीटिंगला कोरम नसतो. घर रिकामं असताना मेंटेनन्स चालूच. आणि वर पोकळ लाद्या.

मामा निघताना म्हणाले, "घर ठीक आहे. बाथरूमचा उतार उलटा आहे, पाणी दाराकडे येतं. कळवतो."

ते गेल्यावर मी बाथरूममध्ये गेलो. गोटी तिथेच उंबऱ्याला टेकून होती. जाळीजवळ नेऊन सोडली. गडगडत माझ्या पायाशी आली. पुन्हा सोडली. पुन्हा आली. सात वेळा. पंचवीस वर्षं हे घर माझं आहे.

काल एजंटचा फोन आला. मला वाटलं, टोकन.

"साहेब, मामा विचारतायत, त्यांची गोटी राहिली का तिकडे?"

"नाही बुवा," मी म्हणालो. ती खिशात होती.