मुरघासातील काडाविषयीच्या आपल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार. लसूणघास आणि गव्हाचे काड यांच्या मिश्र मुरघासाबद्दल (हवाबंद पिशवीत आंबवून टिकवलेल्या चाऱ्याबद्दल) आपण लिहिले आहे की, हिरव्या चाऱ्याच्या नावाखाली आम्ही काड विकतो, एका पिशवीच्या तळाला कुजकट वास होता आणि जनावरांनी लांब काड्या गव्हाणीत तशाच ठेवल्या. यांतला पहिला आक्षेप आम्हांला मान्य नाही. उरलेले दोन्ही मान्य आहेत.

कोवळ्या, ताज्या लसूणघासात सुमारे ८० टक्के पाणी असते, साखर कमी असते, आणि त्यातील प्रथिने व क्षार आम्लतेला अडवून धरत असल्याने मक्याच्या मुरघासाप्रमाणे त्याचा सामू (पीएच) चटकन उतरत नाही, म्हणजे तो लवकर आंबट होत नाही. असा ओला चारा एकटाच दाबून भरला, तर ब्युटिरिक आम्ल (खवट लोण्यासारख्या वासाचे आम्ल) तयार करणारे जिवाणू बळावतात, प्रथिनांचा अमोनिया होतो आणि तळाशी रस साचतो. म्हणून १०० किलो चाऱ्यामागे आम्ही साधारण २७ किलो कोरडे काड घालतो, म्हणजे मिश्रणातील शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा भाग) ३५ टक्क्यांच्या आसपास येतो. काडात आंबण्याजोगी साखर जवळजवळ नसल्याने वरून मळीही (साखर बनवताना उरणारा गोड, घट्ट पाक) द्यावी लागते. काडाने प्रथिनांचे प्रमाण उतरते, हे खरेच आहे, आणि निव्वळ लसूणघास समजून कोणी पेंड कमी केली तर त्याचे नुकसान होईल. मिश्रणाचे प्रमाण पिशवीवर छापलेले नव्हते, हा दोष आमचा.

खरी चूक भरणीत झाली. त्या खेपेचे काड दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत बारीक झालेले नव्हते आणि ते चाऱ्यात नीट न कालवता थराथराने पडले. त्यामुळे ओला थर ओलाच राहिला, आणि पोकळ, लांब काड दाबूनही फुगत असल्याने आत हवा उरली. आता कुट्टी करून, पूर्ण कालवूनच भरणी होते.

आपल्याकडील उरलेल्या पिशव्या उघडल्यावर आंबूस वास आला तर चारा चांगला समजावा. खवट लोण्यासारखा वास किंवा बुरशी दिसल्यास त्या पिशवीतील काहीही, विशेषतः गाभण जनावरांना, घालू नये. अशी प्रत्येक पिशवी आम्ही विनामूल्य बदलून देऊ. जुनी परत पाठवण्याची गरज नाही, तळाच्या थराचे छायाचित्र पुरे.